हळू, मध्यम, मोठ्यानं

कानावर बसणाऱ्या त्या गुबगुबीत गादीची शिवण एका जागी उसवलेली — नवा माल आणि आत्तापासूनच दोरा बाहेर, स्वस्तातलं घेतलं की हे आलंच... तिनं दोरा नखानं आत ढकलला, हेडफोन कानांवर चढवला आणि बाजूचं बारीक बटण दाबलं. पंखा गेला. फ्रिजची घरघर गेली. वरच्या मजल्यावर दोन आठवडे चाललेलं ड्रिलिंग एवढंसं होऊन कुठेतरी लांब जाऊन बसलं.

परत करायची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती. ठेवायचा की नाही? डॉक्टरांनी बोलून ठेवलेली टिपणं ऐकून टाइप करायची, हे तिचं काम. आणि शेजारच्या खोलीतून दर पाच मिनिटांनी — ठमे, उशी सरकली... ठमे, किती वाजले... वडील अंथरुणाला खिळले त्याला आठ महिने झाले होते. गेल्या आठवड्यात एका औषधाचं प्रमाण तिच्या हातून दहापट टाइप झालं, ते कुणाच्या तरी वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. पुन्हा असं झालं तर नोकरी जाणार, हे तिला स्पष्ट सांगितलं होतं.

हेडफोन वापरणाऱ्यांनी लिहिलेलं तिनं सगळं वाचून काढलं होतं. यंत्राचा आवाज छान कापतो, माणसाचा तितकासा नाही. तितकासा म्हणजे किती? आणि इथेच तिला दुर्बुद्धी सुचली.

"बाबा, जरा हाका मारून बघता का? हा कितपत चालतो ते बघायचंय."

वडिलांनी तीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. एकेका पंख्याला कान लावायचा आणि खडूनं पास-नापास लिहायचं. त्यांचा चेहरा असा उजळला की तिला कसंतरीच झालं.

"मोघम तपासणी नको," ते म्हणाले. "तीन हाका हळू, तीन मध्यम, तीन मोठ्यानं. ऐकू आली की बोट वर कर. आणि माझ्याकडे बघायचं नाही, सांगून ठेवतो."

ती हेडफोन लावून टेबलाशी पाठमोरी बसली. दारातून त्यांना तिची पाठ दिसत होती. तिनं चारदा बोट वर केलं.

"मोठी हाक येते. मध्यम तिनांत एकदा. हळू एकदाही नाही." त्यांनी निकाल दिला. "माल पास! परत करू नकोस."

दोघंही हसले. किती दिवसांनी हसलो आम्ही...

मग ती कामाला बसली आणि दोन तास एकही हाक आली नाही. पानामागून पान, कुठे अडखळणं नाही. झोपले असतील, असं ती धरून चालली. पाणी प्यायला उठली तेव्हा दारातून दिसलं — ते टक्क जागे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. ठमे. तिनं हेडफोन उतरवला. चादर ओली होती.

"बाबा, हाक का नाही मारलीत?"

"मारली की. चार वेळा." त्यांनी नजर चुकवली. "तुझं काम चाललं होतं."

म्हणजे हाकही मारली आणि मला त्रासही दिला नाही! नेमकी किती हळू मारायची, ते माप मीच त्यांच्या हाती दिलं... तिनं चादर बदलली. कुशीवर वळवताना ते दोनदा म्हणाले, "राहू दे गं, सावकाश कर." त्यावर तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

ती खुर्चीत परत आली. मुदत संपायला अजून दीड तास होता. जे कुणालाच सांगता येणार नव्हतं ते एवढंच, की ते दोन तास सुखाचे गेले होते — आठ महिन्यांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या वेळात बाबा ओल्यात पडून होते, आणि तरीही ते तास सुखाचेच होते. तिला स्वतःची भीती वाटली.

हेडफोन टेबलावर पडला होता. कान उघडे होते. पंखा ऐकू येत होता, फ्रिज, ड्रिल... त्यांच्या खालून काही येतंय का? ते हाक मारतायत का आत्ता, हळू? मान वळवली की कळेल. नुसती मान तर वळवायची... ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली.