क्वेतेंचे नाक

घानातल्या टेमा बंदरामागच्या आमच्या आवारातून त्या वर्षी विकले गेलेले तीन जुने कॉम्प्रेसर गिऱ्हाइकाकडे चालू झाल्यावर अमोनिया गळू लागले. तिन्ही आमच्याकडे चालवून तपासले होते, तिन्ही मास्टर क्वेते यांनीच तपासले होते, आणि त्याआधीच्या अठरा वर्षांत त्यांनी पास केलेले एकही यंत्र गळले नव्हते.

युरोपातल्या बंद पडलेल्या शीतगृहांतून ही यंत्रे कंटेनरने येत. आम्ही ती उघडून बेअरिंगे आणि सील बदलत असू, मग नायट्रोजन भरून एक दिवस दाबाखाली ठेवत असू. पण शाफ्टचे सील यंत्र थांबलेले असताना घट्ट राहून फिरू लागल्यावर गळू शकते. म्हणून शेवटी थोडा अमोनिया भरून यंत्र चालवावेच लागते. इतरत्र त्या वेळी गंधकाची कांडी पेटवतात. गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. आमच्याकडे कांड्यांचे खोके न फोडलेलेच पडून होते. क्वेते टोपी काढत, डोळे मिटून यंत्राभोवती एक फेरी मारत आणि पास झालेल्या यंत्रावर खडूने वर्तुळ काढत. मासळीबाजारातल्या बायका यंत्र घ्यायला आल्या की दाबाचा आकडा कधी विचारत नसत. "नाक झालं का?" एवढेच विचारत.

तपासणीचे कागद मी भरत असे. मी आधी वाहतुकीवर संशय घेतला, मग सीलच्या मालावर. पण तिन्ही यंत्रे वेगवेगळ्या रस्त्यांनी गेली होती आणि सीले दोन वेगळ्या कारखान्यांची होती. तिसऱ्या शीतगृहात दोघी कामकरणी पेट्या टाकून पळाल्या; एकीला दवाखान्यात ठेवावे लागले. तिथल्या मालकिणीने यंत्र परत पाठवले आणि फोनवर मला सांगितले, "खडूनं गोल काढायला माझ्या नातीलाही येतं." चौथे यंत्र गुरुवारी जायचे होते. तिथे चाळीस बायका काम करत.

परत आलेले यंत्र आम्ही चालवले. मला चार पावलांवरून वास आला. क्वेते शाफ्टवर वाकले, नाक जवळजवळ टेकवले.

"कोरडं आहे. लिही, एसिनाम."

मी लिहिले नाही. मला इथून वास येतोय, असे सांगितले.

"तुला येणारच. कॉलेजात शिकलेल्यांना वास पुस्तकातनं येतो."

मी खोके फोडून कांडी पेटवली. शाफ्टपाशी पांढरा धूर उठला. कांडी जुनी आहे, कुठेही धूर देईल, असे ते म्हणाले. आक्षेप योग्य होता. मी ती रिकाम्या यंत्रापाशी नेली. धूर उठला नाही. क्वेतेंनी टोपी परत डोक्यावर घातली. मग, माझीही अशीच परीक्षा घे, असे त्यांनीच सुचवले.

तीन सारख्या बाटल्या घेतल्या. दोन बाटल्यांत नुसते पाणी, एकीत पाण्यात मिसळलेला थोडा अमोनिया. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळू नये म्हणून बाटल्यांची जागा मी बदलायची नाही, असे ठरले. डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने, कोर्कोरने, ते काम केले. आम्ही दोघे पाठ करून उभे राहिलो, आणि ती बाटल्या मांडून बाजूला झाली की एकेकाने वळून अमोनियाची बाटली ओळखायची. दहा फेऱ्या झाल्या. माझी दहाही उत्तरे बरोबर आली. क्वेतेंची चार. नुसते बोट ठेवत गेले असते तरी तीनेक बरोबर आलीच असती.

कोर्कोरने डब्याचे झाकण उघडले. भाजीत मोमोने होता, खारवून कुजवलेला मासा. पूर्वी क्वेते तो घरात शिजवू देत नसत; तिला चूल मागच्या अंगणात न्यावी लागे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते.

"दोन वर्षं झाली, आत शिजवते," ती मला म्हणाली. "हा एका शब्दानं बोलत नाही. मला वाटलं, एकतीस वर्षांनी माणूस शहाणा झाला."

"मलाही वाटलं, तू मोमोने सोडलास," क्वेते म्हणाले, आणि जेवायला बसले.

जेवण झाल्यावर त्यांनी चौथ्या यंत्रावरचे वर्तुळ ओल्या फडक्याने पुसले. गेल्या दोन वर्षांत गेलेल्या सगळ्या यंत्रांचे कागद काढायला मला सांगितले. प्रत्येक ठिकाणी कांडी घेऊन जायचे होते. कागद एकेचाळीस निघाले. परत आलेल्या यंत्राच्या कागदावर मी पेन्सिलीने 'तपासणीत त्रुटी' असे लिहिले होते. याचा काहीच अर्थ होत नाही, असे म्हणून त्यांनी ते खोडले, माझ्याकडून पेन मागून घेतले आणि सावकाश लिहिले:

'दोष: चालू असताना शाफ्टचे सील गळते. तपासणीत सापडला नाही. कारण: तपासणाऱ्या क्वेते याला अमोनियाचा वास येत नाही.'