थोरलीची डावी बाजू

“दर वेळी डावीच का मेली? उजवीला काय सोनं लागलंय?”

गॅरेजवाल्याने गाडीखालून मान वळवून पाहिलं. त्याच्या कानापासून हातभर अंतरावर सासूबाईंचे पाय होते. काढून ठेवलेल्या चाकाशेजारी स्टूल टाकून त्या मटार सोलत बसल्या होत्या आणि स्वतःशीच पुटपुटत होत्या. जावई खाली आहे हे त्या विसरल्या असाव्यात. किंवा अजिबात विसरल्या नसाव्यात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासूबाईंच्या बाबतीत हे त्याला ओळखता यायचं नाही.

प्रश्न मात्र रास्त होता. पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट त्याने मागच्याच थंडीत नवा घातला होता. तो पुन्हा ढिला. चाक वर-खाली धरून हलवलं की आतून कवळीसारखा खटखट वाजायचा. चाकाला तोलून धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश चिरडून गेले होते आणि आर्मलाच बारीक बाक आला होता. उजवी बाजू पाहावी तर नव्या नवरीसारखी. आता रस्त्यातले खड्डे काही डावं-उजवं बघत नाहीत. फुटपाथच्या कडा आणि दगड मात्र चालवणारा निवडतो, आणि इथे चालवणाऱ्याची निवड ठरलेली होती.

चालवणारा म्हणजे त्याचे सासरे; तो त्यांना मामा म्हणायचा. ते तिकडे पुढे उभे राहून फडक्याने बॉनेट पुसत होते. रोपवाटिकेतून कुंड्या भरायच्या आणि गावभर पोचवायच्या, यात त्यांचा जन्म गेला. पिकअप घेतली तेव्हा मुलगी झालेली नव्हती, म्हणून गाडीचं नाव थोरली. “धाकटी तुम्हाला दिली, जावईबापू,” ते सगळ्यांदेखत म्हणायचे, “पण पदरात तुमच्या दोघीही पडल्या.”

हल्ली थोरलीवर फार आळ येत होते. डाव्या कडेच्या कुंड्या फुटल्या, तर गाडी डावीकडे ओढते. आरसा निखळला, तर आरशाचा स्क्रूच हलका. फुटपाथवर चाक चढलं, तर फुटपाथ परवाच उंच केला असणार. हे सगळं मामा एकटे म्हणत नव्हते, घरदार म्हणत होतं. गाडीला तोंड असतं तर ती केव्हाच माहेरी निघून गेली असती.

आणि त्याच घरात पाण्याचा पेला गुपचूप मामांच्या उजव्या हाताशी ठेवला जात होता. कोणी ठरवलं नव्हतं. डावीकडचे दोन-तीन पेले सांडले आणि आपोआप सगळं उजवीकडे सरकलं.

असंच चाललं असतंही. पण गेल्या आठवड्यात मामांनी जेवताना जाहीर केलं, “सोमवारपासून नातीला शाळेत मी सोडणार. पुढे, माझ्या शेजारी बसवून.” नात खुर्चीवर उभी राहून नाचली. बाकीच्यांचे घास तोंडातच राहिले. मामांच्या शेजारची जागा म्हणजे डावी.

त्या रात्री बायको म्हणाली, “अहो, तुम्ही सांगा ना बाबांना.”

“तुझे वडील. तू सांग.”

“मी सांगितलं तर रडतील. तुम्ही जावई आहात, तुमचा मान राखतील.”

“मान राखतात म्हणूनच तर तोंड उघडत नाही.”

दोघांनी मिळून सासूबाईंकडे मोर्चा नेला. त्यांनी तो दारातूनच परतवला. “मी नाही बोलायची. गाडी गेली की हे दिवसभर घरात, माझ्या मागे-मागे. स्वयंपाकघरातले डबे कसे लावायचे ते मला शिकवतील.” एवढं बोलून त्या हसल्या, आणि मग ओट्याकडे वळून पुसलेलाच ओटा पुन्हा पुसू लागल्या.

तेव्हा सर्वांनी मिळून तोडगा काढला की गाडी नीट करून घ्यावी. माणसाला बोलता येत नसलं की घरं अशी वस्तूंच्या मागे लागतात.

त्याने काम मात्र मनापासून केलं. वाकलेला आर्म फेकून नवा आणला. प्रेसवर दाबून त्यात बुश बसवले, बॉल जॉइंट बदलला, शॉकअपही बदलले. नट आवळताना एकदा त्याच्या मनात आलं, की थोडी खटखट राहू द्यावी. तेवढ्यावर आणखी वर्षभर दोष गाडीवर निभावला असता. पाना हातात धरून तो क्षणभर थांबला. मग त्याला आठवलं, की वरची सीट कोणाची आहे. त्याने अंगातला सगळा जोर लावून नट आवळला, त्यातून पिन ओवली आणि तिची दोन्ही टोकं वाकवली. आता थोरलीच्या अंगात खोट म्हणून उरली नव्हती. घराची पंचाईत झाली ती इथे.

चाक चढवून, अलाइनमेंट करून गाडी खाली आली. मामांनी हात चोळले. “चला, एक चक्कर टाकू.”

सासूबाई सवयीने उठून डाव्या दाराकडे निघाल्या.

“तू बस इथेच,” मामा म्हणाले. “आज जावईबापू बसतील. मानाची जागा आहे.”

सासूबाई मुठीत मटार तसेच धरून उभ्या राहिल्या. त्यांनी जावयाकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्याच्या हाती तान्हं मूल दिलं आणि धरायचं कसं ते सांगायचं राहून गेलं.

मोठ्या रस्त्यावर थोरली दोऱ्यासारखी सरळ धावली. मामांनी स्टिअरिंग सोडून दाखवलं. मग गाडी गल्लीत शिरली, आणि डावीकडून एक कंपाउंडची भिंत त्याच्या कोपराच्या दिशेने येऊ लागली.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या जागेवर बसून सासूबाई वर्षानुवर्षं कुरकुरत आल्या होत्या. ‘अहो, तिकडून घ्या, फांद्या लागतात मला.’ ‘किती ती धूळ, जरा उजवीकडे सरका.’ ‘हळू, माझी कंबर.’ सगळे हसायचे, म्हातारीची कटकट म्हणायचे. मामाही म्हणायचे. आणि म्हणता-म्हणता गाडी उजवीकडे घ्यायचे.

आता कटकट करायला कोणी नव्हतं. बसला होता तो जावई, आणि सासऱ्याला गाडी कशी चालवायची हे सांगणारा जावई त्याने तरी अजून पाहिला नव्हता. तो खाकरला. भिंत चार बोटांवरून गेली. तो पुन्हा खाकरला.

“सर्दी झाली का?” मामा म्हणाले.

“नाही, नाही.”

घराचं आणि गॅरेजचं सामाईक फाटक आलं. फाटकाच्या डाव्या खांबाला सिमेंटचा बुटका कट्टा होता.

“मामा,” तो म्हणाला.

“बोला ना.”

“गाडी छान चालतेय.”

धाडकन चाक कट्ट्यावर चढलं आणि पलीकडे आदळलं.

बायको घरातून धावत आली. “त्या मेल्या कट्ट्याला रंग नाही, दिसणार कसा?” कट्टा पिवळाजर्द होता. मागच्या धडकेनंतर तिनेच तो रंगवला होता.

“ऊन डोळ्यांवर आलं असेल,” सासूबाई म्हणाल्या. ऊन गाडीच्या पाठीमागे होतं.

“जॉइंट गेला, जावईबापू,” मामा उतरून म्हणाले. “हल्लीचा मालच असा. बघा बरं.”

तो पाठीवर सरकत खाली गेला. पिन जिथल्या तिथे होती. बुशला ओरखडा नव्हता. टॉमीची लोखंडी कांब घालून ढोसलं तरी काही हललं नाही. एवढं चांगलं काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं, आणि त्याला त्याचा जराही आनंद होईना.

“काय तुटलं?” वरून मामांचा आवाज आला.

‘डुप्लिकेट निघाला’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर तयार होता. गाडीखालून त्याला फक्त पाय दिसत होते. मामांच्या चपला, सासूबाईंच्या भेगा पडलेल्या टाचा, बायकोची अनवाणी पावलं. मग त्यांच्यामधून नवे काळे बूट टकटकत आले. सोमवारसाठी आणलेले होते, दुपारपासून पायांतून निघत नव्हते. बूट डाव्या दाराशी थांबले. एकेक करून वर गेले. त्याच्या डोक्यावरची सीट बारीक करकरली.

“आजोबा, मी बसले,” नात म्हणाली.

“काय तुटलं म्हणतो मी?” मामांनी पुन्हा विचारलं.

“काही नाही तुटलं,” तो चपलांकडे बघत म्हणाला. “मामा, गाडी ठणठणीत आहे. तुम्हाला डाव्या डोळ्याने दिसत नाही.”