घोंगडं माझ्या गळ्यात, खापर माझ्या डोक्यावर

मी सगुणाबाईंच्या घरावरची जुनी छत्री आहे. पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे, टीव्हीची. मित्रांनो, माझ्यावर अन्याय झाला आहे, आणि तो गिळून गप्प बसणाऱ्यांतली मी नाही.

कारखान्यात पत्रा दाबून मला ताटाचा आकार दिला, राखाडी रंग फासला, आणि शिरूरच्या दुकानातून मोटारसायकलवर बसवून कवठे येमाईला आणलं. बसवणाऱ्या माणसाने माझं तोंड दौंडच्या अंगाला, आभाळात जरा वर करून ठेवलं, बोल्ट आवळले आणि बजावलं, "हिला केसभर बी हलवू नका. हिचं सगळं तोंडात हाय." ते खरंच आहे. उपग्रह आभाळातून पाठवतो ते मी झेलते आणि खाली टीव्हीला देते. तोंड फिरलं की मी नुसतं पत्र्याचं ताट.

पहिली वर्षं काय मान होता. अख्खी वस्ती टीव्ही बघायला जमायची. सगुणाबाई दिवाळीत माझ्यापुढेही पणती ठेवायच्या. पुढे सवय झाली. दांड्यावर कावळे बसू लागले, गंज चढला, कोणी पाठीवरून फडकंही फिरवलं नाही. त्याचं मला काही नाही. राबणाऱ्या बाईला रोज कोण ओवाळतं?

पण यंदा कहर झाला. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत आहे. या घरात पूर्वी मेंढरं होती. आता शेती आहे, पण सासऱ्यांच्या वेळचं काळ्या लोकरीचं घोंगडं अजून जपलेलं आहे. ते भिजलं की रेडकाएवढं जड होतं. सगुणाबाईंच्या लेकाने, रविराजने, ते वर आणलं. दोरीला ते पेलवेना, तर खुशाल माझ्या गळ्यात टाकलं. बोल्ट करकरले, मी वाकले. संध्याकाळी घोंगडं वाळून खाली गेलं. माझं तोंड मात्र शेजारच्या गोठ्याकडे वळलं, ते तसंच राहिलं.

टीव्ही बंद पडला.

"छत्री गेली," रविराज म्हणाला.

"आरं, वर जाऊन बघ तरी," सगुणाबाई म्हणाल्या.

"काय बघायचं त्यात? जुनी झाली. सर्जेराव केबल देतोय, घिऊन टाकू. पंचायतीला उभा ऱ्हाणार हाय तो. त्याला नाराज करून कसं चालंल?"

"म्हंजी केबल टीव्हीसाठी घ्यायची का मतासाठी?" त्याची बायको हर्षदा भाकरी थापता थापता म्हणाली.

सगुणाबाईंना मात्र एकच घोर होता. त्यांची थोरली बहीण साळूबाई कासुर्डीला दिलेली. तिचे गुडघे गेलेले, सगुणाबाईंना गाडी लागते, त्यामुळे दोघींची गाठ नाही. साळूबाईच्या जात्यावरच्या ओव्या पहिल्या माळेला संध्याकाळी टीव्हीवर लागणार होत्या. फोनवर ती म्हणाली होती, "एका ओवीत तुजं नाव गुतवलंय. आत्ता सांगत न्हाई. ऐकशील तवा कळंल."

सर्जेराव वायर घेऊन आले. खांबावरून लिंबाला, लिंबावरून आमच्या घराला. रस्त्यावर धुण्याच्या दोरीसारखी लोंबती. वर येऊन मला म्हणाले भंगार, आणि त्याच भंगाराच्या खांबाला आपली वायर बांधून गेले. चित्र स्वच्छ आलं, खोटं कशाला बोलू? पण ते रस्त्यावरच्या वायरीला लटकलेलं चित्र होतं.

पहिल्या माळेला देवीची ज्योत आली. पोरं अनवाणी धावत होती, मागे टेम्पो, टेम्पोवर स्पीकरची भिंत, भिंतीवर झेंडा. खाली टीव्हीवर नुकताच साळूबाईंचा चेहरा दिसला होता. जातं फिरलं, पहिली ओवी सुरू झाली, आणि झेंड्याच्या काठीत अडकून वायर तटकन तुटली.

रविराजने सर्जेरावांना फोन लावला. ते ज्योतीपुढे नारळ फोडत होते. म्हणाले, आरती झाली की माणूस पाठवतो.

हर्षदा जिना चढून माझ्याजवळ आली. माझ्या बोल्टात काळी लोकर अडकली होती. तिने ती ओढून काढली.

"आवं, घोंगडं हिच्यावर टाकलं हुतं का तुमी?" तिने वरून विचारलं.

रविराज खालून ओरडला, "तू आधी फिरव तिला. मी हिकडं तिची वायर टीव्हीला जोडतो."

"आलं का?"

"न्हाई."

"आता?"

"आलं. गेलं. आलं, आता हात लावू नको."

चित्र आलं तेव्हा जातं थांबलं होतं. ओव्या संपल्या होत्या. साळूबाई पदर सावरत बोलत होत्या, "माजी धाकली बहीण तिकडं कवठ्याला बघत आसंल. बघतीस न्हवं गं?"

"बघतीया, आक्का," सगुणाबाईंनी टीव्हीला सांगितलं.

लगेच साबणाची जाहिरात लागली.

"मोबाइलवर घावंल ते, आई," रविराज हळूच म्हणाला.

"घावंल तवा घावंल. ती आत्ता हाका मारीत हुती."

मित्रांनो, सगुणाबाईंच्या नावाची ती ओवी आभाळातून आली होती. माझ्या अंगावरून गेली. मी उभीच होते, पण गोठ्याकडे तोंड करून. याचा राग मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई भिंतीला धरून वर आल्या. रविराजला पाना घेऊन मागे यायला लावलं. त्यांच्यादेखत त्याने बोल्ट आवळले, आणि सर्जेरावांची वायर माझ्या खांबावरून त्याच्याच हाताने सोडवली.

तुम्ही केबल घ्या नाहीतर छत्री ठेवा, ज्याला जे परवडेल ते. पण घरातलं काही बंद पडलं, तर त्याला भंगार म्हणण्याआधी एकदा जिना चढा. आपण त्याच्या गळ्यात काय टाकलं होतं, ते बघा. घोंगड्याला आता गोठ्याची भिंत ठरली आहे. मी मात्र पुन्हा दौंडच्या अंगाला तोंड करून उभी आहे, साळूबाई परत कधी गातील त्याची वाट बघत.