माझ्या मुळाशी निळसर चुना

मित्रांनो, मी वड आहे. हसू नका. वड म्हटलं की तुम्हाला पारंब्या आठवतात, पार आठवतो, सावलीला टेकलेली माणसं आठवतात. माझी उंची तुमच्या पाण्याच्या बाटलीएवढी आहे आणि माझ्या सावलीत एखादी मुंगी बसली तर बसली. तरीही मी वडच आहे. माझ्यावर काय काय गुदरलं ते कोणाला तरी सांगावं असं फार दिवस मनात होतं, पण मी राहतो त्या गच्चीवर ऐकणारं कोणी नाही.

माझा जन्म केडगावच्या कबरस्तानात झाला. एका साळुंकीनं बी टाकलं आणि ते नेमकं दानिएल यांच्या कबरीच्या फटीत पडलं. दानिएल रेल्वेत गँगमन होते. आयुष्यभर रुळांच्या कडेनं चालले आणि निवृत्तीला एक वर्ष राहिलं असताना गेले. त्यांची बायको कृपाबाई दर रविवारी उपासना संपली की तिथे येऊन बसायची. बोलायची नाही. पदरानं दगडावरची धूळ पुसायची, थोडा वेळ माझ्याकडे बघायची आणि उठून जायची. मला वाटायचं, ती मलाच भेटायला येते. लहानपणी असं काहीही वाटतं.

आमच्याकडे ईस्टरच्या आधी कबरी धुऊन त्यांना चुना लावायची रीत आहे. कृपाबाई त्या चुन्यात चिमूटभर नीळ घालते, पांढऱ्या कपड्यांना घालतात ती. त्यामुळे सगळ्या कबरस्तानात दानिएलांची कबर तेवढी किंचित निळसर दिसते. मी काडीएवढा होतो त्या वर्षी तिच्याबरोबर तिचा एकुलता एक मुलगा ब्लेसन आला होता. तो रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला होता आणि सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होता.

"ह्ये मुळासकट काढ," कृपाबाई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "न्हाईतर दगड फुटंल."

"असू दे की आई. वाईच तर हाय."

"वडाचं हाय ते. वाईच ऱ्हात न्हाई."

तिचं काही चुकलं नव्हतं. दगड मी फोडलाच असता. ब्लेसननं खुरप्यानं फट मोकळी करून मला ओढलं, तेव्हा माझ्या मोठ्या मुळानं चुन्याचा एक तुकडा घट्ट धरून ठेवला होता. तोही माझ्याबरोबर आला. रस्त्यात टाकून देतो असं आईला सांगून ब्लेसननं मला ओल्या रुमालात गुंडाळलं आणि गुपचूप डब्याच्या पिशवीत घातलं.

त्याला वडिलांचं काहीतरी जवळ हवं होतं, पण आईला तसं सांगायला जीभ रेटत नव्हती. दानिएल गेल्यापासून त्या घरात त्यांचं नाव निघत नसे. आई फोनवर विचारायची, "जेवलास का?" तो म्हणायचा, "व्हय. तू?" ती म्हणायची, "जेवले." झाला फोन. दोघं एकमेकांना जपत होते आणि त्यातच एकमेकांपासून लांब चालले होते.

सणसवाडीच्या खोलीत तिघं राहत. ब्लेसन, जालन्याकडचा ज्ञानेश आणि गोरखपूरचा इंद्रजीत. तिघांच्या तीन शिफ्ट. एक कंपनीच्या बसमधून उतरायचा तेव्हा दुसरा चढायला निघालेला असायचा. एकाच गादीवर तिघं पाळीपाळीनं झोपत, त्यामुळे एका खोलीत राहून त्यांची महिनोन्महिने धड गाठ पडत नसे.

ब्लेसननं मोबाईलवर बोन्सायचे व्हिडिओ बघितले. त्यात शंभर-शंभर वर्षांची झाडं देखण्या ताटल्यांत उभी होती. गडी हरखून गेला. दुसऱ्याच दिवशी त्यानं बाजारातून चिनी मातीचा एक शोभेचा ट्रे आणला. ट्रे इतका सुंदर होता की त्याच्या तळाला भोक नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. कुठल्याशा बांधकामावरची चिकट काळी माती त्यात दाबून भरली आणि मला खिडकीत ठेवलं. खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या चाळीची भिंत होती. ऊन म्हणून काही तिथे येत नसे.

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणायची, मी त्यात मरायला टेकलो होतो. ब्लेसन कामावरून आला की मला पाणी घालायचा. तो झोपायचा, उठायचा, जायचा. मग ज्ञानेश यायचा आणि मला पाणी घालायचा. मग इंद्रजीत यायचा, रिकाम्या खोलीभर नजर फिरवायचा आणि पेलाभर पाणी माझ्या मुळाशी ओतायचा. तिघांनाही वाटायचं, या खोलीत आपली वाट बघणारं एवढंच एक आहे. तिघांची माया ट्रेमध्ये साचत गेली आणि माझी मुळं आतल्या आत नासू लागली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी पानं गाळतो. आणि मी पान गाळलं की ते तिघंही आणखी पाणी घालायचे.

एकदा वादळात खांब पडले, कारखान्यांची वीज गेली आणि तिघंही एका वेळी खोलीत सापडले. तोवर माझी चार पानं उरली होती.

"मी रोज पानी घालतो, तरी ह्ये का सुकतंय?" ब्लेसन म्हणाला.

ज्ञानेशनं चहाचा कप खाली ठेवला. "तू घालतो? मी बी घालतो की. ड्युटीवरून आलो की पयलं त्येला."

इंद्रजीत खाली बघत म्हणाला, "हम भी तो डालते हैं भाई. अकेले में इसी से दो बात कर लेते हैं."

ज्ञानेशनं ट्रे तिरका केला तेव्हा कडेनं काळं पाणी आलं.

ब्लेसन त्याच दिवशी मला घेऊन निघाला. सोलापूर रस्त्याला मुक्ताबाईंची रोपवाटिका आहे, तिथे त्यानं मला त्यांच्यापुढे ठेवलं. मुक्ताबाईंनी मातीचा वास घेतला.

"नासलंय. भोक न्हाई व्हय ह्येला?"

"जगंल का मावशी?" तो एका काडीसाठी विचारत नव्हता हे मला ठाऊक होतं.

"आत्ताच सांगता येनार न्हाई."

त्यांनी मला धुतलं, सडकी मुळं कापली. कात्री चुन्याच्या तुकड्याशी आली तशी ब्लेसननं मध्ये हात घातला. "तेवढं ऱ्हाऊ द्या. घरचं हाय." त्यांनी कशाचं म्हणून विचारलं नाही. बुडाला भोक असलेलं मातीचं पसरट भांडं घेतलं, बारीक मुरूम आणि विटांचा चुरा मिसळून मला बसवलं आणि म्हणाल्या, "तीन आठवडे सावलीला. मंग उघड्यावर, उनात. पानी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघायचं. वली असंल तर परत जायचं. झाडाचं निम्मं काम नुसतं बघन्याचं असतंय, पोरा."

मी जगलो. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मला जागा मिळाली आणि महिन्याभरानं पहिलं पान फुटलं. पण नवशिक्याला दम कुठला? हिवाळ्यात ब्लेसननं मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार आणून माझ्या फांदीला गुंडाळली, वळण द्यायला. मग कारखान्यात कामाचा रेटा आला. डबल ड्युटी लागली, त्या ईस्टरला सुट्टीही मिळाली नाही. कृपाबाईनं एकटीनं चुना लावला. इकडे मला पाणी मिळायचं, कोणीतरी बोट घालून बघायचं आणि जायचं, पण माझ्याकडे बघत कोणी नव्हतं. मी जाड होत गेलो आणि तार सालीत रुतत गेली. टाकीवरचे कावळे सोडले तर दिवसभर सोबत नसायची. त्या उन्हाळ्याइतकं एकटं मला कधी वाटलं नाही. पुढे ब्लेसनला दिसलं तेव्हा त्यानं तार उलगडली नाही, पक्कडीनं तुकडे करत काढली. तो वळ अजून आहे.

या वर्षी त्यानं ईस्टरची सुट्टी आधीच मागून घेतली. गाडीवर मला पुढ्यात घेतलं. इंद्रजीतला म्हणाला, "आई अकेली रहती है. इसको उसके पास छोड़ देता हूँ." मी ऐकलं आणि मला कळेना, आनंद मानू की काय करू.

कृपाबाई बादलीत चुना कालवत होती. ब्लेसननं मला कबरीच्या कडेला ठेवलं. तिनं आधी पानांकडे बघितलं, मग खाली. मातीवर उघड्या राहिलेल्या मुळाला धरून बसलेल्या त्या निळसर तुकड्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"ह्यो चुना माझ्या हातचा हाय," ती म्हणाली.

"टाकलं न्हाई मी," ब्लेसन म्हणाला. मग म्हणाला, "पप्पांची लई आठवन यायची."

"मंग बोलायचं न्हाई व्हय?"

"तू बी कुठं बोलत हुतीस?"

कृपाबाईला रडू आलं. तिनं चुन्याचे हात तसेच डोळ्यांना लावले नाहीत, दंडावर तोंड पुसलं आणि त्याच्याजवळ बसली. त्यानंतर दोघं दानिएलांविषयी बोलत राहिले. ऊन चढलं, चुना बादलीत आळत आला, तरी बोलत राहिले.

निघताना ब्लेसन म्हणाला, "ह्येला तुझ्याजवळ ठेव. तू एकटी असतीस."

तिनं माझ्या मातीत बोट घातलं. मग मला उचलून त्याच्या हातात दिलं. "माझ्याजवळ ते हायेत. तिकडं तुझ्याजवळ कोन हाय? ने ह्येला."

म्हणून मित्रांनो, मी परत गच्चीवर आहे. झाड लावणार असाल तर एवढं करा. पाणी ओतायच्या आधी मातीत बोट घालून बघा. घरात कोणी गप्प गप्प असेल तर जेवलास का एवढं विचारून थांबू नका.

मी अजूनही दिवसभर एकटाच असतो. पण हल्ली केडगावचा फोन येतो तेव्हा कृपाबाई आधी विचारते, "जेवलास का?" आणि मग विचारते, "वड कसा हाय?" ब्लेसन म्हणतो, "थांब, बघून सांगतो," आणि फोन कानाला लावून जिना चढायला लागतो. त्याची पावलं मला खालच्या पायरीपासून ऐकू येतात.