विनंतीवरून बदली

"टीचर, तुम्ही खऱ्या आहात की बदली?"

अक्षताने विचारलं आणि दहावी ब मधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"बस खाली. मेलीस तू," मागून संघमित्रा कुजबुजली. आता ही म्हणजे कमालच! पैज तिनेच तर लावली होती. मराठीच्या नव्या टीचरना हे विचारून दाखवलंस तर मधल्या सुट्टीत माझ्याकडून समोसा. चार पोरींनी त्यावर टाळी दिली होती. आणि पैज म्हटल्यावर अक्षता परब मागे हटेल होय? दोन वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा हजेरीला 'हजर' म्हणताना तिचा आवाज पुढच्या बाकापलीकडे जात नसे. पण आठवीत कुणीतरी तिला कबड्डीच्या मैदानात ढकललं, एका दमात ती तीन पोरी बाद करून परत आली, आणि तिच्या तोंडाचं कुलूप जे निघालं ते मुलुंडच्या त्या मैदानातच कुठेतरी पडलं.

नव्या टीचरचं नाव रश्मी. नेहमीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्या रागावल्या नाहीत. हातातला खडू खाली ठेवून म्हणाल्या, "बदली. पण खोटी नाही हं. बदलीच्या उलट 'खरी' नाही, 'कायम'. नाव काय तुझं?"

"अक्षता. सॉरी टीचर."

"सॉरी कशाला? झकास शब्द दिलास. आता तूच निस्तर. हा एकटा शब्द कुठे कुठे जाऊन काय काय काम करतो, ते शोध. पुस्तकात नको, माणसांना विचार. शुक्रवारी तक्ता करून आण, जिथे पुरावा मिळेल तिथे तो चिकटव आणि वर्गाला वाचून दाखव."

समोसा मिळाला. त्यातला अर्धा संघमित्रानेच खाल्ला.

खरं सांगायचं तर हा शब्द आठवड्याभरापासून अक्षताच्या घरी मुक्कामालाच आला होता. तिचे बाबा, राजेश परब, सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक. त्यांची बदली झाली होती कणकवलीला. एक जुलैला तिकडे हजर व्हायचं, म्हणजे सगळ्यांनीच जायचं. "काय करणार बाळा, सरकारी नोकरी. हुकूम आला की निघायचं," असं बाबा म्हणाले होते तेव्हा आई ओट्याकडे तोंड करून चपात्या लाटत होती. ती मान वर न करता लाटतच राहिली.

अक्षता गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने त्या रात्री दोन फुलस्केप भरून साहेबांना अर्ज लिहिला. माझी दहावी आहे. मी शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन आहे आणि यंदा आम्ही जिल्ह्यात नक्की जिंकणार आहोत. माझे आजोबा गेल्या पन्नास वर्षांत मुंबई सोडून कुठे राहिलेले नाहीत. कृपया माझ्या बाबांची बदली रद्द करावी. खाडाखोड झाली म्हणून पहिलं पान तिने तीनदा लिहिलं होतं.

बाबा तो अर्ज ऑफिसला घेऊन गेले. संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाले, "साहेबांनी दोनदा वाचला गं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण हुकूम वरून आलाय म्हणाले, माझ्या हातात काही नाही."

त्यावर अक्षताने काय करावं? तिने बाबांचा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही टेन्शन घेऊ नका बाबा. जाऊ आपण." दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पीटीच्या सरांकडे गेली. मी जाणार आहे सर, कॅप्टन दुसरी करा, नाहीतर ऐनवेळी संघाची वाट लागेल. मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन पोटभर रडली, तोंड धुतलं आणि गणिताच्या तासाला बसली. घरी कुणाला सांगितलं नाही. बाबांना वाईट वाटलं असतं ना.

म्हणून 'बदली'चा तक्ता तिने अगदी ईर्ष्येने करायला घेतला. ज्या शब्दाने आपल्याला एवढं रडवलं त्याची सगळी बिंगं बाहेर काढायची!

आणि शब्द निघाला बारा गावचं पाणी प्यायलेला. कबड्डीत सात जणी आत आणि पाच बदली बाहेर, हे तिला ठाऊकच होतं. संघमित्राची आई पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स. ती म्हणाली, "एखादी आली नाही की तिच्या जागी उभी राहते ती बदली ड्यूटी. आणि ऐन सणाला कुणीच बदली मिळत नाही, हेही लिही." स्टेशनबाहेरचा रिक्षावाला म्हणाला, "गाडीचा मालक वेगळा, मी त्याचा बदली ड्रायव्हर." वरच्या मजल्यावर भांडी घासणाऱ्या शांताबाईंनी तर जिना उतरता उतरता मुलाखतच दिली. "मी गावाला गेले की विमला येते बदलीवर. पण तिच्या हातची कढई काळी ती काळीच. घाल ते पण तक्त्यात." शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकी म्हणाल्या, आमच्याकडे बदली म्हणजे आभाळातला ढग. अक्षताने निळा स्केचपेन काढून ढगही काढला.

सगळ्यात भारी पुरावा मात्र घरातच होता. आजोबांकडे. सहदेव परब, एकेकाळचे गिरणी कामगार. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं एक पिवळं कार्ड काढलं. त्यावर छापलं होतं, बदली.

"ह्या माझा कार्ड गो," आजोबा म्हणाले. "सकाळी सातच्या आधी गेटार उभा रवाचा. आत कोण कायम माणूस येवक नाय, तर जॉबर, आमचो मुकादम, भायर येय आणि बोट करी. तू चल. ज्याच्याकडे बोट तो आत, बाकीचे घराक. अकरा वर्सां मी असो उभो रवलंय."

"अकरा वर्षं? आजोबा, मी असते तर त्या जॉबरचं बोट चावलं असतं."

"म्हणान तुका घेवक नाय गिरणीत," आजोबा हसले. "कायम झालंय त्या दिवशी तुझ्या आजीन नारळाच्या रसातले शिरवाळे केल्यान."

शुक्रवारी सकाळी तक्त्यावर एक कोपरा रिकामा राहिला होता. सरकारी बदलीचा. पुरावा तर घरातच! बाबा आंघोळीला गेले होते. अक्षताने त्यांच्या कपाटातली फाईल उघडली, 'विषय : बदली' एवढं वरच्या कागदावर दिसल्याबरोबर तो ओढला, दुकानात झेरॉक्स काढली, धावत वर येऊन मूळ कागद जागच्या जागी ठेवला, डिंक लावला आणि शाळा गाठली.

वर्गात तिने धमाल उडवून दिली. शांताबाईंचा आवाज काढला, रिक्षावाल्याचा काढला, जॉबरसारखं बोट करून तिघांना फळ्याजवळ उभंही केलं. रश्मी टीचर तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. शेवटी ती त्या कोपऱ्याकडे वळली.

"आणि आता सगळ्यात दुष्ट बदली. सरकारी! ऐका हां." तिने घसा साफ केला आणि साहेबी आवाजात वाचायला लागली. "श्री. राजेश सहदेव परब, वरिष्ठ लिपिक, यांची बदली त्यांच्या दिनांक बारा जानेवारीच्या विनंती अर्जास अनुसरून कणकवली येथे करण्यात येत आहे. सदर बदली स्वतःच्या विनंतीवरून असल्याने प्रवासभत्ता अनुज्ञेय राहणार नाही."

वर्ग हसला. 'अनुज्ञेय' तिने मुद्दाम नाकातून म्हटलं होतं. अक्षताही हसत होती. मग तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे परत वरच्या ओळीवर गेले.

"कुणाची गं विनंती?" पहिल्या बाकावर येऊन बसलेल्या संघमित्राने हळूच विचारलं.

बारा जानेवारी तिच्या चांगलीच लक्षात होती. त्या दिवशी तिला कॅप्टन केलं होतं आणि ऑफिसातून येताना बाबांनी जिलेबी आणली होती. म्हणजे हात अर्जावर सही करून आले होते आणि त्याच हातांनी जिलेबी भरवली होती.

"अक्षता, खाली बस हवं तर," टीचर म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "छान केलंस तू."

दुपारी घरी आल्यावर दप्तरसुद्धा न उतरवता तिने फाईल परत काढली. हुकमाच्या खाली तिचा अर्ज होता. दोन फुलस्केप. तिने घातलेली एकच घडी. आवकचा शिक्का नाही. बाबांनीच एकदा कौतुकाने समजावलं होतं, ऑफिसात कागद आला की आधी आवकचा शिक्का, शिक्का नसेल तर तो कागद आलाच नाही. साहेबांनी दोनदा वाचला म्हणे. डोळ्यांत पाणी म्हणे! त्या साहेबांसाठी तिने देवापुढे हात जोडले होते, चांगले दिसतात बिचारे म्हणून.

"काय झाला गो? अशी का उभी?" आजोबांनी विचारलं.

तिने हुकूम वाचून दाखवला. आजोबांनी 'विनंतीवरून' दोनदा म्हणायला लावलं.

"म्हणजे कोणी बोट करूक नाय?" ते म्हणाले. "हो राजेश आपणच रांगेतसून भायर झालो? आणि माका सांगल्यान, सरकारचो हुकूम." मग ते बराच वेळ त्या पिवळ्या कार्डाची पिशवी नीट करत बसले. ती नीटच होती.

अक्षता खाली उतरली आणि तडक मैदानावर गेली. सराव चालू होता. "सर, मी जात नाहीये. मला परत घ्या," ती म्हणाली. सर म्हणाले, "अगं, आता कॅप्टन ती नववीतली झाली. नावं गेली वर. मधेच तिला काढू? आत जागा नाही. बदलीत आहे एक."

अक्षताने त्या पोरीकडे पाहिलं. पोरगी घाबरून आपल्याच बोटांशी खेळत होती. तिचा काय दोष?

"चालेल सर," अक्षता म्हणाली. "बदलीत लिहा."

संध्याकाळी आई-बाबा दोघं एकदमच आले. टीपॉयवर हुकूम होता, त्याच्या शेजारी अर्ज. बाबांनी पाहिलं आणि पाय न धुताच खुर्चीत बसले.

"मी सांगणार होतो," ते म्हणाले.

"कधी? कणकवलीला पोचल्यावर?"

"अक्षता, नीट बोल बाबांशी," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं ना आई? तू तेव्हा मान वर केली नाहीस. मला वाटलं तू रडतेयस म्हणून."

आईने आताही मान वर केली नाही.

"बावीस वर्षं गं," बाबा म्हणाले. "त्याच खुर्चीत. बाहेर पाहिलं तर समोरच्या बिल्डिंगचे पाइप. मला गावाकडे जायचं होतं. घराबाहेर पडलं की झाड दिसावं, एवढंच. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग विचारायचं आणि नाही ऐकायचं! भांडले असते मी. दोन दिवस जेवले नसते. पण मग कदाचित हो पण म्हटलं असतं बाबा, तुम्ही झाडाचं सांगितलं असतंत तर." तिला हुंदका आला, तो तिने कबड्डीतला दम कोंडावा तसा कोंडला. "साहेब रडले म्हणून कशाला सांगितलंत? मी तुमची समजूत काढत होते. तुमची! मी कॅप्टनपद सोडलं, माहितेय? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

बाबांनी अर्ज उचलला. त्यांना तो उघडवेना, ठेववेना.

आतल्या खोलीतून आजोबा काठी न घेता बाहेर आले आणि अक्षताच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"ऐका," अक्षता म्हणाली. आवाज शेजारपाजारी ऐकू जाईल इतका मोठा होता. "तुमची बदली तुमच्या विनंतीवरून झालीय. तुम्ही जा, झाड बघा, मी रागावून नाही सांगत. माझी विनंती कुणी घेतलेली नाही, म्हणून माझी बदली झालेली नाही. मी दहावी इथूनच देणार. आजोबा आणि मी इथेच राहणार, आमचं मघाशीच बोलणं झालंय. भात मला येतो, आमटी संघमित्राची आई शिकवणार आहे. संघात मला बदली म्हणून बसायचंय आणि मी बसणार आहे. सोमवारी शाळेचा दाखला काढायला जाऊ नका."