तळ्याच्या दोन पाळ्या

"मोटर जळली नाही, मावशी. तिचा गळा आवळलाय." मिस्त्रीनं पंप मांडीवर उलटा केला आणि पंख्याभोवती गुंडाळलेला हिरवट देठ चिमट्यानं ओढू लागला. देठ निघता निघेना. "ही तुमच्या लिलीची करामत. काकांनी बघितलं असतं तर?"

"तर म्हणाले असते, बयेनं सूड उगवला शेवटी."

मावशी पायरीवर बसल्या होत्या. समोर दोन चटया अंथराव्यात एवढं तळं. ते खोदलं काकांनी. काकांचा जन्म छापखान्याच्या खडखडाटात गेलेला. निवृत्त झाल्यावर शांतता त्यांच्या अंगावर यायला लागली, म्हणून तळं आणि तळ्यात कारंजं. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दिवसभर परक्यांचे आवाज परक्यांना जोडून देऊन त्यांचे कान विटलेले. त्यांना घरात कुणाचा हुंकारही नको असे. त्यांनी त्याच तळ्यात लिली लावली.

लावली तीही रीतसर. कुंडीत जड चिकणमाती, कंद आडवा, डोळा वर, आणि माती पाण्यात उठू नये म्हणून वर खडे. कुंडी आधी विटांवर. पानांचे देठ लांबले तशी एकेक वीट काढत खाली. खताची पुडी कागदात बांधून मुळाशी खोचली. पानं आली, चांगली ताटाएवढी. फूल मात्र नाही. लिलीला लागतं ऊन आणि निवांत पाणी. आणि त्या अंगणात ऊन पडे ते नेमकं कारंज्याखाली.

"कोपऱ्यात ठेव की तुझी कुंडी," काका म्हणत.

"आणि कोपऱ्यात ऊन कोण आणून घालणार, तुम्ही?"

"फूलच हवंय ना? बाजारातून आणतो."

"आवाजच हवाय ना? मी बोलते की दिवसभर."

यावर काका हसू लपवायला वर्तमानपत्रात तोंड घालत. वर्षानुवर्षं हेच.

काका गेले. येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ सरली, तेव्हा मावशी गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि त्यांनी कुंडी ओढत मधोमध, उन्हात आणली. मग देठ पंपाकडे गेला की पंपानं देठ ओढला, कोण जाणे. एका पहाटे आवाज थांबला. मावशींनी तो थांबलेला ऐकला आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. पाणी निवलं, पान पसरलं. पान पसरलं, तशी कळी वर आली. आज सकाळी ती उमलली. फिकट गुलाबी, आत पिवळा गाभा.

इतकी वर्षं भांडून मागितलेलं फूल. आणि वाटलं काय, तर समोरचा उठून गेल्यावर जिंकलेला डाव. मावशी फुलाकडे बघत राहिल्या, मग आत जाऊन त्यांनी मिस्त्रीला फोन केला.

"परत बसवू का?" मिस्त्रीनं विचारलं, पण नजर फुलावर होती. "का राहू दे? आत्ता कुठं उमललंय बिचारं. वरून पाणी पडलं की संपलंच ते."

"तू कधीपासून फुलाच्या बाजूचा? जन्मभर ह्यांची री ओढलीस."

"मी पंपाच्या बाजूचा, मावशी. पोट आहे त्याच्यावर."

मावशी हसल्या. हसू ओसरलं तशा म्हणाल्या, "घर खायला उठतं रे रात्री. पंखा लावते, रेडिओ लावते. नाही भागत. पण हे आलंय त्याच्यावर पाणी कसं सोडू? माझं मलाच कळत नाही."

"वॉशर बदलावा लागेलच. पलीकडे एक काम आहे, येताना घेऊन येतो. तोवर ठरवा."

तो आला तेव्हा उन्हं उतरली होती. तळ्यात डोकावून तो चुकचुकला. "गेलं का? एका दिवसाचंच?"

"गेलं कुठं, मिटलंय. दुपार कलली की मिटतं, सकाळी परत उमलतं. असं तीन-चार दिवस. मग आपण होऊनच पाण्याखाली जातं."

"म्हणजे दिवसपाळीवालं," वॉशर बसवता बसवता मिस्त्री म्हणाला. "काका तर सांगायचे, ते कायम रातपाळीला."

मावशींनी वळून उंबऱ्याकडे बघितलं.

नवा संसार तेव्हा. ह्यांची रातपाळी, त्यांची दिवसपाळी, आणि घराला किल्ली एकच. भेट व्हायची ती उंबऱ्यावर. एक येतंय, एक निघतंय. किल्ली या हातातून त्या हातात जायची, आणि निघणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं ते एवढंच, "झाकून ठेवलंय." बाकी सगळं बोलणं सुट्टीच्या दिवशी. तेव्हा भांडायला फुरसत नव्हती. भांडणं सुरू झाली ती दोघं एकदम घरी बसल्यावर.

"बसव," मावशी म्हणाल्या. "बटण इथं दाराशी दे. दिवे लागले की चालू, उजाडलं की बंद. आणि धार बुटकी ठेव, पानांवर उडायला नको."

"एवढं सोपं होतं? मग काका असताना..." मिस्त्रीनं जीभ चावली.

"सुचलं नाही," मावशी म्हणाल्या. "दोघांनाही."

मिस्त्री पिशवी उचलून गेला. शेजारच्या खिडक्यांत दिवे लागले, तशी मावशींनी बटण दाबलं. पाणी आधी खोकलं, अडखळलं, मग उभं राहिलं. थेंब कुंडीच्या अलीकडेच पडत होते. मिटलेली लिली जराशी हलली आणि पुन्हा जागच्या जागी राहिली.

मावशी थोडा वेळ दारात उभ्या होत्या. मग चपला काढल्या आणि आत वळता वळता, मागे न बघता, सवयीनं म्हणाल्या, "झाकून ठेवलंय."