शेवटच्या धुण्याचं पाणी

माझ्या टेबलाला कुणी हात लावलेला मला खपत नाही. म्हणून प्रयोगशाळेत सगळे मला निर्जंतुकताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, तेवढं बरं. त्यामुळे आमच्या प्रमुख बाईंनी मला समोर बसवून "हे तुमच्या हातांचं आहे" असं सांगितलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

काम असं होतं. माझ्या दादाच्या पोल्ट्रीत माइट झालेत. खसखशीएवढे किडे, अंधारात कोंबड्यांचं रक्त पितात आणि उजाडलं की फटीत दडी मारतात. दादा पिंजऱ्यात खोक्याच्या पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या ठेवतो, किडे त्यात शिरतात, आणि तो डबा माझ्याकडे येतो. त्यांच्या पोटात कोणकोणते जिवाणू नांदतात, ते मी शोधायचं. आधी किडा ब्लीचने धुवायचा, मग पाण्याने, म्हणजे अंगावरचं काही मोजलं जात नाही. मग चिरडून तपासायचा. शेवटच्या धुण्याचं पाणीही तपासायचं. त्यात काही सापडलं नाही, तर काम स्वच्छ.

माझ्या पाण्यात सापडत होतं. एकच जिवाणू, प्रत्येक किड्यात आणि किंचितसा पाण्यातही. तो बाहेरून, हातांवरून आला असणार, म्हणून मी दोनदाच्या जागी पाचदा धुवायला लागले, ब्लीच वाढवलं, स्वतःचे हात घासून घासून त्यांना भेगा पाडल्या. तर तो पाण्यात आणखीच दिसायला लागला.

"शुक्रवारपर्यंत बघू," बाई म्हणाल्या. "नाहीतर आठ महिन्यांचे नमुने टाकून द्यावे लागतील. आणि हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल."

मी तणतणत दादाला फोन लावला.

"किड्याच्या पोटातल्या किड्याचं कसलं कौतुक गं तुला?" तो म्हणाला. "इथे माझ्या कोंबड्यांचे तुरे पांढरे पडलेत. आणि या वेळच्या पुठ्ठ्यात त्या किड्यांची अंडीपण आहेत, बघ. बाळंतपणंसुद्धा माझ्याकडेच उरकतायत."

मी फोन ठेवला आणि डबा उघडला. अंड्याने अजून रक्त चाखलेलं नसतं, कोंबडी पाहिलेली नसते. आणि त्याच्या आत पाहायला ते चिरडावं लागत नाही. फक्त त्या एका जिवाणूला चिकटून चमकणारा रंग आमच्याकडे होता. तो अंड्यांना लावला, खोलीतला दिवा बंद केला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

अंडं काळोखात होतं, आणि त्याच्या आत एका कडेला हिरवे ठिपके दाटीने बसले होते. बाहेर एकही नाही. दुसऱ्या अंड्यातही तेच. विसाव्या अंड्यातही तेच. आईनेच बांधून दिलेली शिदोरी होती ती. तिच्या आईने तिला दिली असणार, तिला तिच्या आईने. किती मागे जायचं, मला कळेना. ज्या किड्याला दादा उठता बसता शिव्या घालतो, त्याच्यापुढे हात जोडावेत असं मला वाटलं, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

मी बाईंना बोलावलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"नुसत्या रक्तावर कुणाचं भागत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "काही जीवनसत्त्वं त्यात जेमतेमच असतात. बहुधा हा ती बनवून देत असेल."

"पण मग पाण्यात कसा आला?" मी विचारलं.

बाईंनी माझा पाचदा धुतलेला एक किडा मागितला, त्यालाही तो रंग लावला आणि भिंगाखाली धरला. मग बाजूला सरकून मला जागा दिली. किड्याची कातडी पायापाशी फाटली होती आणि फटीतून हिरवा ओघळ बाहेर आला होता.

"तुम्ही धूत नव्हता," त्या म्हणाल्या. "फोडत होता."

आठ महिने जे माझ्या हातांचं म्हणून मी घासत होते, ते किड्यांच्या पोटातलं होतं. मला हसू आलं, आणि मग डोळे भरून आले.

बाईंनी नमुन्यांच्या कप्प्यावरची 'टाकून देणे' ही चिठ्ठी काढून खिशात घातली. जाता जाता दारात थांबल्या आणि माझ्या भेगाळलेल्या बोटांकडे पाहिलं.

"उद्यापासून दोनदाच धुवा," त्या म्हणाल्या. "किडेही आणि हातही."